भेख आणि जोत : बाह्य रूपावरून माणूस जोखण्याविषयी शीख विचार

माणसाला त्याच्या पेहरावावरून, अंगावरच्या धर्मचिन्हांवरून किंवा जातीच्या खुणांवरून जोखू नये, असे भारतातील बहुतेक संतपरंपरांनी सांगितले आहे. परंतु शीख परंपरेत या उपदेशाला एक अडचण चिकटलेली आहे आणि त्या अडचणीमुळेच तो अधिक विचारार्ह ठरतो. ज्या परंपरेचे आद्य गुरू नानक (१४६९–१५३९) यांनी जानवे, टिळा, भगवी वस्त्रे, अंगाला फासलेली राख आणि कानांतील मुद्रा या सर्वांची कठोर चिकित्सा केली, त्याच परंपरेचे दहावे गुरू गोबिंदसिंह यांनी १६९९ च्या वैशाखीला आनंदपूर येथे खालसा पंथ स्थापन केला आणि त्या पंथातील शिखाला केस, कंगवा, कडे, कृपाण व कच्छ या पाच ‘ककारां’चे असे रूप मिळाले, की तो हजारांच्या गर्दीतही दुरून ओळखू यावा. वेशाला महत्त्व देऊ नका असे सांगणारा धर्म स्वतःच्या अनुयायांना ठळक वेश का देतो, हा प्रश्न टाळून शीख विचारातील समदृष्टीविषयी बोलणे अपुरे ठरते.

हा प्रश्न पंजाबपुरता मर्यादित नाही. विदर्भाच्या नैर्ऋत्येला, १९९८ मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला वाशीम जिल्हा वेशभूषेच्या विविधतेने गजबजलेला आहे : मानोरा तालुक्यातील पोहरादेवी येथे संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला रामनवमीच्या सुमारास देशभरातून बंजारा भाविक येतात आणि आरसे जडवलेली कांचळी, घेरदार फेट्या व डोक्यावरची छांटिया ल्यालेल्या स्त्रियांच्या रांगा दूरवर दिसतात; शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनासाठी दिगंबर आणि श्वेतांबर असे दोन्ही पंथांचे जैन येतात; कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून दत्तभक्तांना पूज्य आहे. जिल्ह्याच्या दक्षिणेला हिंगोली जिल्हा लागतो, तेथे नामदेवांचे नरसी आणि औंढा नागनाथ ही क्षेत्रे आहेत, आणि त्यापलीकडे नांदेड, जेथे १७०८ मध्ये गुरू गोबिंदसिंहांनी देह ठेवला व त्यापूर्वी शिखांच्या पवित्र ग्रंथालाच गुरुपद दिले. अकोला–पूर्णा लोहमार्ग वाशीम आणि हिंगोली या दोन्ही गावांवरून जात असल्यामुळे नांदेडच्या सचखंड हजूर साहिब गुरुद्वाऱ्याकडे निघालेला पगडीधारी यात्रेकरू वाशीमच्या माणसाला अपरिचित नाही. मात्र डोळ्यांना झालेला परिचय आणि माणसाची ओळख यांत अंतर असते, आणि शीख विचार नेमका त्या अंतरावर बोट ठेवतो.

या विचाराचा पाया ईश्वराच्या संकल्पनेत आहे. शीख परंपरेत परमेश्वराला ‘अकाल पुरख’, म्हणजे काळाच्या पलीकडचा, म्हटले जाते आणि गुरू गोबिंदसिंहांचे ‘जाप साहिब’ हे स्तोत्र आरंभीच त्या परमेश्वराला रंग, रूप, रेखा, वर्ण, जात आणि वेश यांपैकी काहीही नाही असे प्रतिपादन करते. अशा निराकार तत्त्वाचा प्रकाश प्रत्येक जिवात आहे आणि त्या प्रकाशाला ‘जोत’ अशी संज्ञा आहे. गुरू नानकांनी आसा रागातील एका रचनेत माणसातील जोत ओळखावी व त्याची जात विचारू नये असे सांगितले, ते या तत्त्वाला धरूनच. तेव्हा त्यांचा हा उपदेश सामाजिक सौजन्यापुरता नाही, तो ज्ञानाविषयीचा सिद्धान्त आहे. ज्या वस्तूचे सार निराकार आहे, त्या वस्तूचे ज्ञान आकारावरून करून घेण्याचा प्रयत्न चुकीच्या साधनाने केलेला प्रयत्न ठरतो. मग माणूस तरीही तसे का करतो, याचे उत्तर शीख विचार ‘हउमै’ या संकल्पनेत देतो. हउमै म्हणजे ‘मी’ आणि ‘माझे’ यांनी घातलेले कुंपण. दुसऱ्याच्या कपड्यांवरून त्याची पायरी ठरवताना पाहणारा मनात स्वतःची पायरी पक्की करत असतो, म्हणून बाह्य रूपावरून केलेला निवाडा हा दुसऱ्याविषयीच्या अज्ञानाइतकाच स्वतःविषयीच्या अहंकाराचा आविष्कार असतो.

या सिद्धान्ताला मराठी भूमीतून मिळालेला आधार अतिशय मोलाचा आहे. १६०४ मध्ये पाचवे गुरू अर्जनदेव यांनी सिद्ध केलेल्या आदिग्रंथात, म्हणजेच आजच्या गुरू ग्रंथ साहिबात, नामदेवांची ६१ पदे समाविष्ट आहेत, आणि त्यांपैकी एका पदात त्यांनी स्वतः भोगलेला प्रसंग आहे. हसतखेळत देवळात गेलेल्या नामदेवांना भक्ती चालू असतानाच जातीवरून उठवून बाहेर काढण्यात आले; ते आपली कांबळी उचलून देवळाच्या पाठीमागे जाऊन बसले आणि त्यांचे गुणगान चालू राहताच देऊळ त्यांच्याकडे फिरले, असा तो प्रसंग. पदात स्थळाचे नाव नाही. महाराष्ट्रातील परंपरा मात्र तो औंढा नागनाथशी जोडते आणि तेथील नंदी देवळाच्या मागच्या बाजूला आहे, याचे कारण म्हणून हीच कथा सांगते. कथेतील चमत्कार ज्याला मान्य नसेल त्यानेही एक गोष्ट लक्षात घ्यावी : बाहेर काढणाऱ्यांनी शिंप्याची जात पाहिली, आत चाललेली भक्ती त्यांना दिसली नाही, आणि पंजाबातील गुरूंनी हा अपमान आपल्या पूजनीय ग्रंथात जतन केला. त्या ग्रंथासमोर मस्तक टेकवणारा प्रत्येक शीख, मग तो कोणत्याही कुळातील असो, देवळाबाहेर काढलेल्या त्या मराठी शिंप्याच्या वाणीलाही नमन करतो.

नामदेवांचे तिलंग रागातील आणखी एक पद या संदर्भात विशेष महत्त्वाचे आहे. त्याची भाषा फारसी शब्दांनी भरलेली आहे. त्यात कवी समोरच्याला मित्र म्हणून हाक मारतो, त्याच्या पगडीचे आणि गोड बोलण्याचे कौतुक करतो, द्वारकेत मोगल कसा असेल असे विचारतो आणि शेवटी त्याच रूपात आपल्या मुकुंदाला ओळखतो. परक्या सत्तेचा, परक्या धर्माचा आणि परक्या पोशाखाचा माणूस समोर आल्यावर त्याच्यात स्वतःचे उपास्य पाहू शकणे ही समदृष्टीची फार अवघड पायरी आहे, कारण येथे दुर्बळाकडे करुणेने पाहण्याचा प्रश्न नसून ज्याची भीती वाटावी अशाकडे प्रेमाने पाहण्याचा आहे. पंढरीच्या वाटेवर नामदेव गाणाऱ्या किती जणांना हे पद ठाऊक असेल, याची शंका वाटते. पंजाबातील घुमान या नामदेवांच्या स्थानी २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा दोन भाषांतील हा जुना ऋणानुबंध पुन्हा चर्चेत आला होता. तो सोहळ्यापुरता न राहता अशा पदांच्या वाचनापर्यंत पोहोचायला हवा.

ग्रंथातील दुसरे संत त्रिलोचन यांनाही परंपरा महाराष्ट्रातीलच मानते. त्यांच्या चार पदांपैकी एकात अंतःकरण स्वच्छ न करता संन्याशाचा वेश घेणाऱ्याला थेट जाब विचारलेला आहे. शीख वाङ्मयात अशा वेशाला ‘भेख’ म्हणतात. कबीरांच्या सलोकांत, म्हणजे ग्रंथातील दोहेवजा रचनांत, या दोघांचा संवाद आहे : त्रिलोचन नामदेवांना विचारतात, की कापड छापण्याच्या धंद्यात गुंतून राहण्याऐवजी ईश्वरात चित्त का लावत नाहीस, आणि नामदेव उत्तर देतात, की हातपाय कामात आहेत, चित्त निरंजनाजवळ आहे. भेखावर टीका करणारा संतही बाहेरून दिसणाऱ्या धंद्यावरून मित्राविषयी अनुमान करतो, हे या संवादातून दिसते. बाह्य रूपाचा मोह इतका सूक्ष्म आहे, की वेशाचा मोह सुटल्यावरही व्यवसायाचा, दिनचर्येचा, व्यग्रतेचा देखावा माणसाला फसवू शकतो.

तथापि रूपावरून निवाडा करू नये याचा अर्थ निवाडाच करू नये, असा शीख विचार घेत नाही. गुरू नानकांच्या चरित्रकथांना ‘जनमसाखी’ म्हणतात; त्यांत मुलतानजवळच्या तुलंबा येथील सज्जन नावाच्या ठगाची कथा येते. त्याने वाटसरूंसाठी धर्मशाळा थाटली होती. हिंदू पाहुण्यासाठी देऊळ, मुसलमान पाहुण्यासाठी मशीद अशी सोय होती, स्वतःचा वेशही साधूचा होता, आणि रात्री तो पाहुण्यांना लुटून ठार मारत असे. नानकांनी त्याच्यासमोर गायलेले सूही रागातील पद ग्रंथात आहे : चकाकणारे कासे घासले की हात काळे होतात, तीर्थावर राहणारे बगळे पांढरेशुभ्र असूनही जीव खातात, बाहेरून रंगवलेल्या हवेल्या आतून ओसाड असतात, अशा दृष्टान्तांची ती मालिका आहे आणि ती ऐकून सज्जन शरण आला असे कथा सांगते. येथे नानकांनी रूप बाजूला सारून वर्तनाकडे पाहिले. सत्य श्रेष्ठ असले तरी सत्याचे आचरण त्याहून श्रेष्ठ, हा त्यांचा प्रसिद्ध विचार माणसाच्या पारखीलाही लागू पडतो. मात्र ती पारख करूनही त्यांनी सज्जनाला कायमचा ठग ठरवले नाही. उजळ वेशामागचे पाप ज्या दृष्टीला दिसते, तिला त्या पापामागची जोतही दिसली पाहिजे, ही शीख विचाराची अपेक्षा आहे आणि ती पहिल्या अपेक्षेहून कितीतरी कठीण आहे.

पोहरादेवीच्या परिसराला जवळची वाटावी अशी एक कथा नवव्या गुरूंच्या संदर्भात येते. १६६४ मध्ये आठवे गुरू हरकृष्ण यांनी दिल्लीत देह ठेवताना पुढचा गुरू बकाला या गावी आहे एवढाच संकेत दिला, आणि परंपरेनुसार त्या गावात बावीस जणांनी गुरू म्हणून आपापल्या गाद्या मांडल्या. लबाणा व्यापारी माखन शाह संकटात सापडलेले जहाज वाचले तर गुरूंना पाचशे मोहरा अर्पण करण्याचा नवस बोलला होता. त्याने प्रत्येक गादीपुढे दोन-दोन मोहरा ठेवल्या आणि प्रत्येकाने आनंदाने आशीर्वाद दिला. शेवटी एका घरात गाजावाजा न करता एकान्तात ध्यान करणाऱ्या तेगबहादूर यांच्यापुढे त्याने दोन मोहरा ठेवल्या, तेव्हा उरलेल्या मोहरांचे काय, असे त्यांनी विचारले. माखन शाहने छतावर चढून खरा गुरू सापडल्याची हाक दिली. लबाणा हा तांड्यांनी मालाची ने-आण करणारा समाज आणि बंजारा समाज त्याला आपल्याच गोतातला मानतो. गादी, छत्र आणि शिष्यांचा घोळका या बाह्य लक्षणांनी जे झाकले गेले, ते एका फिरत्या व्यापाऱ्याने ओळखले, ही गोष्ट त्या समाजाने अभिमानाने सांगावी अशीच आहे. १६७५ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीच्या चांदणी चौकात तेगबहादूर यांचा शिरच्छेद झाल्यावर लखी शाह वणजारा याने त्यांचे धड आपल्या घरी नेले आणि उघडपणे दहन करणे शक्य नसल्यामुळे घरालाच आग लावून अंत्यसंस्कार केले. तेथे आज रकाबगंज साहिब गुरुद्वारा उभा आहे. मस्तक आनंदपूरला पोहोचवणारे भाई जैता तत्कालीन समाजाने अस्पृश्य मानलेल्या जातीतील होते आणि बाल गोबिंदराय, म्हणजे पुढचे गुरू गोबिंदसिंह, यांनी त्यांना छातीशी धरले.

पुढे इंग्रजी राजवटीत याच बंजाऱ्यांच्या नशिबी काय आले, ते येथे नमूद करणे आवश्यक आहे. रेल्वे आणि नव्या रस्त्यांमुळे बैलांच्या तांड्यांचा व्यापार मोडला, आणि १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या अनेक फिरत्या समाजांवर जन्मतः गुन्हेगार असल्याचा शिक्का मारण्याची सोय केली, त्यांत बंजाऱ्यांच्या शाखाही सापडल्या. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि आज महाराष्ट्रात बंजारा समाज विमुक्त जातींच्या यादीत आहे. पण तांड्याकडे, गोरबोली या बंजारा भाषेकडे आणि आरशांच्या कांचळीकडे संशयाने पाहणारी नजर कायद्याबरोबर रद्द झाली असे म्हणता येणार नाही. गुरूचे धड ज्याने स्वतःचे घर जाळून सन्मानाने अग्नीला दिले, त्याच्याच समाजातील मुलाला सरकारी कागदात जन्मजात चोर लिहिले गेले. रूपावरून केलेला निवाडा जेव्हा राज्यसत्तेच्या हाती जातो, तेव्हा त्याचे स्वरूप असे असते.

तेगबहादूर यांच्या बलिदानात या साऱ्या विचाराचा कळस आहे. गुरू नानकांनी बालपणी जानवे घालण्यास नकार दिला होता आणि आसा रागातील ‘वार’ या दीर्घ रचनेत दया, संतोष, संयम व सत्य यांनी बनलेले, न तुटणारे व न मळणारे जानवे असेल तर द्यावे अशी मागणी पुरोहिताकडे केली होती. त्याच गादीवरील नवव्या गुरूंनी मात्र, ‘बचित्तर नाटक’ या ग्रंथातील उल्लेखानुसार, इतरांच्या टिळ्याचे आणि जानव्याचे रक्षण करण्यासाठी प्राण दिले. जे चिन्ह स्वतःच्या परंपरेने नाकारले, ते धारण करण्याच्या दुसऱ्याच्या अधिकारासाठी मरण पत्करणे, याहून स्पष्टपणे समदृष्टीचा अर्थ सांगता येणार नाही. येथे दुसऱ्याच्या चिन्हाकडे काणाडोळा केलेला नाही, त्याला आपल्या चिन्हाच्या पंक्तीला बसवलेले नाही आणि त्याचे गोडवेही गायलेले नाहीत. त्या चिन्हामागच्या माणसाचे स्वातंत्र्य पवित्र मानलेले आहे.

या प्रकाशात खालसाच्या वेशाचा अर्थ उलगडतो. गुरू नानकांनी ज्या चिन्हांवर टीका केली, ती चिन्हे धारण करणाऱ्याला समाजात मान, दक्षिणा आणि श्रेष्ठत्व मिळवून देत होती. खालसाचा वेश ज्या काळात दिला गेला, त्या काळात तो धारण करणाऱ्याला लपण्याची जागा उरली नाही. शीख परंपरेत सांगितली जाणारी कथा अशी, की गुरू गोबिंदसिंहांनी एका गाढवावर वाघाचे कातडे चढवून त्याला मोकळे सोडले, लोक त्याला भिऊन पळू लागले, आणि ते ओरडताच कुंभाराने ओळखून काठीने हाकत घरी नेले. रूप घेऊन आचरण न घेणाऱ्याची गत अशी होते, असे गुरूंनी शिष्यांना दाखवले. तात्पर्य, ‘अमृतधारी’, म्हणजे खालसाची दीक्षा घेतलेल्या, शिखासाठी त्याचा वेश हे स्वतःवर ओढवून घेतलेले बंधन आहे : पगडी पाहून संकटातील माणूस मदतीची अपेक्षा करील आणि ती अपेक्षा मोडली तर लाज वेशाला नव्हे, धारण करणाऱ्याला आहे. वेश स्वतःला मोजण्यासाठी आहे. त्या मापाने दुसऱ्याला, दीक्षा न घेतलेल्या ‘सहजधारी’ शिखाला किंवा अन्यधर्मीयाला, मोजण्याची मुभा त्यातून मिळत नाही. ‘अकाल उस्तत’ या रचनेत त्याच गुरूंनी देऊळ व मशीद, पूजा व नमाज यांत भेद नाही, देशोदेशीच्या वेशांमुळे माणसे वेगळी भासतात, पण डोळे, कान आणि देह त्याच माती, वारा, अग्नी व पाण्याचे आहेत, असे सांगून सर्व मानवजात एकच असल्याचे प्रतिपादले आहे. आनंदपूरच्या लढाईत भाई कन्हैया शत्रूच्या जखमींनाही पाणी पाजत असल्याची तक्रार गुरूंपुढे आली, तेव्हा कन्हैया यांनी आपल्याला तेथे शीख किंवा मोगल दिसत नाही, सर्वत्र गुरूच दिसतो असे उत्तर दिले. गुरूंनी त्यांना दोष न देता मलमपट्टीचे साहित्यही सोबत दिले.

खालसाच्या या उघड रूपाची किंमत शिखांनी विसाव्या आणि एकविसाव्या शतकातही मोजली आहे. १९८४ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीतील शीखविरोधी हिंसाचारात पगडी आणि केस हीच हत्येसाठी पुरेशी ओळख ठरली. १५ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेतील अ‍ॅरिझोना राज्यात बलबीरसिंग सोधी यांना त्यांच्या पेट्रोल पंपावर गोळ्या घालण्यात आल्या, कारण मारणाऱ्याने पगडीवरून त्यांचा संबंध चार दिवसांपूर्वीच्या, ११ सप्टेंबरच्या न्यूयॉर्कमधील हल्लेखोरांशी जोडला. अशा वेळी ‘आम्ही ते नव्हेत’ एवढे सांगून सुटका करून घेणे सोपे असते. परंतु असे सांगणे म्हणजे जो समजून आपल्याला चुकून मारले, त्याला त्याच्या वेशावरून मारणे योग्य ठरले असते, अशी मूक संमती देणे होय. शीख विचाराशी हे विसंगत आहे, आणि अमेरिकेतील अनेक शिखांनी त्या काळात मुसलमान शेजाऱ्यांच्या बाजूने उभे राहून ती विसंगती टाळली, हे त्यांच्या श्रद्धेच्या सच्चेपणाचे लक्षण मानावे लागेल.

शीख समाज स्वतः या कसोटीवर नेहमी उतरला, असे मात्र नाही. ‘पंगत’, म्हणजे एका ओळीत जमिनीवर बसून लंगरचे अन्न घेण्याची प्रथा, आणि ‘संगत’, म्हणजे भेदाविना जमलेला भक्तसमुदाय, या दोन संस्था गुरूंनी जातीच्या उतरंडीवर घाव घालण्यासाठीच रुजवल्या. तरीही पंजाबातील अनेक गावांत जातवार वेगळे गुरुद्वारे उभे राहिले, आणि महाराष्ट्रात लोखंडी अवजारे घडवून पोट भरणारे शिकलगार शीख पगडी आणि कडे तेच असूनही समाजाच्या कडेलाच राहिले. या दोषाशी शीख समाजाचा झगडाही जुना आहे. ऑक्टोबर १९२० मध्ये अमृतसर येथे तथाकथित खालच्या जातींतील लोकांनी खालसाची दीक्षा घेतली आणि ते कडाह प्रसाद घेऊन हरिमंदिर साहिबात, म्हणजे सुवर्णमंदिरात, आले, तेव्हा तेथील पुजाऱ्यांनी तो स्वीकारण्यास नकार दिला. वाद वाढल्यावर ग्रंथालाच कौल विचारण्याचे ठरले. ग्रंथ सहज उघडून जे पद समोर येईल तो गुरूचा आदेश मानण्याच्या या पद्धतीला ‘वाक’ घेणे म्हणतात. त्या दिवशी आलेले तिसरे गुरू अमरदास यांचे पद गुणहीनांनाही सतगुरूच्या सेवेत घेऊन क्षमा करणाऱ्या परमेश्वराविषयीचे होते, आणि पुजाऱ्यांना प्रसाद स्वीकारावा लागला. तेथून ही मंडळी अकाल तख्त या शिखांच्या सर्वोच्च धर्मपीठाकडे गेली, तर तेथील पुजारी आधीच निघून गेले होते. या घटनेनंतर सुमारे महिनाभराने शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक समिती स्थापन झाली आणि तिने १९४५ मध्ये मान्य केलेल्या ‘रहित मर्यादा’ या आचारसंहितेत कोणत्याही देशाच्या, धर्माच्या वा जातीच्या माणसाला गुरुद्वाऱ्यात दर्शनासाठी मज्जाव नाही, संगतीत बसताना भेदभाव करता येणार नाही आणि गुरू ग्रंथ साहिबासमोर कोणालाही वेगळी गादी किंवा आसन टाकून बसता येणार नाही, असे नियम लिहिले गेले.